विश्लेषण : एक अभियंता नोकरी सोडून गेला की सॉफ्टवेअर का अडते? काय आहे ‘बस फॅक्टर’?

सॉफ्टवेअर कंपनीतील जुना अभियंता राजीनामा देतो, तेव्हा त्याचा लॅपटॉप आणि ओळखपत्र कंपनीकडे जमा होते. पण कोणता सर्व्हर कधी बंद करायचा, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही आणि पाच वर्षांपूर्वी अमुक निर्णय का घेतला, ही माहिती अनेकदा त्याच्याबरोबर निघून जाते. अशा हरवलेल्या माहितीची किंमत काही कंपन्यांनी कोट्यवधी डॉलरमध्ये मोजली आहे. सॉफ्टवेअर टीममध्ये माहितीची देवाणघेवाण का अडते, त्यातून काय घडते आणि त्यावर उपाय कोणते, याचा आढावा.

‘बस फॅक्टर’ म्हणजे काय?

एखाद्या टीममधील किती माणसे अचानक गैरहजर झाली तर काम ठप्प होईल, तो आकडा म्हणजे त्या टीमचा ‘बस फॅक्टर’. उद्या अमक्याला बसने धडक दिली तर काय, या काहीशा क्रूर प्रश्नातून हे नाव आले. ‘पायथन’ या प्रोग्रामिंग भाषेच्या वापरकर्त्यांमध्ये १९९४ मध्ये हाच प्रश्न भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांच्याबाबत विचारला गेला होता. काही ठिकाणी आता बसऐवजी ‘लॉटरी फॅक्टर’ म्हणतात. म्हणजे माणसाला लॉटरी लागली आणि त्याने दुसऱ्या दिवसापासून येणेच बंद केले तर काय, असा विचार. आकडा एक असेल तर धोका सर्वाधिक. आणि तो एक असल्याचे बहुतेक टीमना तो माणूस रजेवर गेल्यावरच कळते. आजारपण, बाळंतपणाची रजा, दुसऱ्या कंपनीतील चांगली संधी अशी अगदी साधी कारणेही त्यासाठी पुरतात.

कोड समोर असताना माहिती हरवते कशी?

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी लिहिलेला कोड. मग तो वाचून सगळे का समजू नये, असे बाहेरच्या माणसाला वाटू शकते. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये एका निबंधात याचे उत्तर दिले. त्यांच्या मते, प्रोग्राम लिहिणे म्हणजे केवळ मजकूर तयार करणे नव्हे. तो लिहिताना टीमच्या मनात त्या कामाची एक समज तयार होत असते. प्रत्यक्ष जगातील कोणती गरज कोडच्या कोणत्या भागात उतरली आहे, एखादा भाग असाच का लिहिला आहे आणि नवी मागणी आली तर बदल कुठे करावा, हे त्या समजेत असते. टीम विखुरली की कोड उरतो, पण त्यामागची समज नाहीशी होते.

एक साधे उदाहरण घेता येईल. बिलिंगच्या एका प्रोग्राममध्ये ‘दर महिन्याच्या ३ तारखेला ही प्रक्रिया थांबवा’ अशी ओळ आहे. ३ तारखेलाच का? कदाचित एखाद्या बँकेची फाइल त्या दिवशी उशिरा येत असेल. कदाचित ती बँक आता ग्राहकही नसेल. कोड ‘काय’ करतो ते सांगतो, ‘का’ करतो ते नेहमी सांगत नाही. मग नवा अभियंता ती ओळ काढायलाही घाबरतो आणि ठेवायलाही.

जास्त माणसे घेतल्यास प्रश्न सुटतो का?

अनेकदा तो वाढतो. आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या महाकाय प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो, हा त्यातील निष्कर्ष ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण गणिती आहे. पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या १० जोड्या होतात. दहा जणांमध्ये त्या ४५ होतात आणि पन्नास जणांमध्ये १,२२५. प्रत्येक जोडीत एकमेकांना काहीतरी सांगायचे राहून जाऊ शकते. त्यामुळे माणसे वाढली की माहिती पोहोचवण्याची व्यवस्थाही वाढवावी लागते. ती आपोआप वाढत नाही.

नाइट कॅपिटलमध्ये ४५ मिनिटांत काय घडले?

माहिती नीट न पोहोचल्याने काय होऊ शकते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकी शेअर बाजारातील आहे. नाइट कॅपिटल ही तेथील मोठी ब्रोकर कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेत नवा कोड बसवला. हा कोड सुरू करण्यासाठी जी खूण वापरली, तीच खूण पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या जुन्या कोडसाठी वापरात होती. ‘पॉवर पेग’चा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण तो कोड सर्व्हरवर तसाच पडून होता.

नवा कोड आठ सर्व्हरवर बसवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातवर बसवला, एक राहून गेला. हे काम दुसऱ्या माणसाने तपासावे, अशी लेखी पद्धत कंपनीत नव्हती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि राहिलेल्या आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षे झोपलेला ‘पॉवर पेग’ जागा झाला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरपोटी यंत्रणेने बाजारात लाखो ऑर्डर सोडल्या. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या ३९ कोटींहून अधिक शेअरचे व्यवहार झाले. कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरवर गेला.

त्या दिवशी ही चूक लवकर का सापडली नाही?

अमेरिकेच्या बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात याचा तपशील आहे. बाजार उघडण्याआधीच, सकाळी ८ वाजल्यापासून यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ईमेल आपोआप पाठवले होते. त्यात ‘पॉवर पेग’चा उल्लेख होता. पण ते धोक्याचे इशारे म्हणून तयार केलेले नव्हते आणि सहसा कोणी ते वाचत नसे. म्हणजे माहिती कंपनीच्या आतच होती, पण ज्याला तिचा अर्थ लागला असता त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

पुढे गोंधळ वाढला. नव्या कोडमध्येच दोष असावा, असे समजून अभियंत्यांनी तो सातही सर्व्हरवरून काढला. परिणामी जो जुना कोड एका सर्व्हरवर धुमाकूळ घालत होता, तो बाकीच्यांवरही सुरू झाला. कोणत्या सर्व्हरवर काय आहे आणि बिघाड झाल्यास काय करायचे, याची लेखी कृती हाताशी असती तर निदान हे दुसरे पाऊल टळू शकले असते. कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड झाला. २०१३ मध्येच ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

गिटलॅबने आपली चूक जगजाहीर का केली?

गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामरना कोड ठेवण्यासाठी आणि एकत्र काम करण्यासाठी सेवा पुरवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या डेटाबेसवर ताण आला होता. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसण्याची आज्ञा दिली, ती प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच डेटा उरला होता.

बॅकअप घेण्याच्या अनेक पद्धती कंपनीकडे कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा त्या बिनकामाच्या निघाल्या. एका पद्धतीत सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप तयारच होत नव्हता आणि तो होत नसल्याचे सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. अखेर योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीने कंपनीला वाचवले. त्या सहा तासांतील डेटा मात्र कायमचा गेला.

कंपनीने हे लपवले नाही. दुरुस्तीच्या नोंदी सर्वांना वाचता येतील अशा खुल्या ठेवल्या, काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालात अभियंत्याचे नाव नाही, तो फक्त ‘टीम-सदस्य १’ आहे. बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, हे मूळ कारण त्यात स्पष्ट मांडले आहे. बॅकअप सुरू आहे असे समजू नये, तो वेळोवेळी परत उतरवून पाहावा, हा धडा जगभरातील टीमना त्यातून मिळाला.

‘दोषारोपाविना आढावा’ कशासाठी?

घटना घडल्यानंतर ‘कोणी केले’ याऐवजी ‘कसे घडू शकले’ हे शोधायचे, ही पद्धत विमान वाहतूक क्षेत्रात रुजली आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये आली. ‘एट्सी’ या ऑनलाइन बाजारपेठेचे तंत्रज्ञ जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये तिची जाहीर मांडणी केली. गूगलनेही ती स्वीकारली. तर्क सरळ आहे. चूक कबूल करणाऱ्याची नोकरी जाणार असेल, तर पुढचा माणूस चूक लपवेल आणि टीमला खरे कारण कधीच कळणार नाही.

याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. आढाव्यात घटनाक्रम मिनिटागणिक लिहिला जातो, कोणाला त्या क्षणी काय दिसत होते ते नोंदवले जाते आणि शेवटी दुरुस्तीची कामे नाव व तारखेसह वाटली जातात. हा कागद पुढे नव्या अभियंत्यांसाठी सर्वात उपयुक्त धडा ठरतो.

एकट्या माणसावर जगाचा भार कसा?

बस फॅक्टरचा प्रश्न कंपन्यांपुरता नाही. जगातील बहुतेक सॉफ्टवेअर मुक्त स्रोत प्रकल्पांवर उभे आहे आणि त्यातले अनेक प्रकल्प एक-दोन स्वयंसेवक सांभाळतात. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. इंटरनेटवरील कितीतरी सुरक्षित संवाद या सॉफ्टवेअरवर चालत होते, पण पूर्ण वेळ काम करणारा माणूस त्यात एकच होता आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २ हजार डॉलर. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला.

दहा वर्षांनी त्याच दुखण्याचे अधिक गंभीर रूप दिसले. डेटा आकुंचित करणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर लासे कॉलिन हे प्रामुख्याने एकटेच, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदत करू लागले. काम संथ चालले आहे, आणखी कोणाला तरी अधिकार द्या, असा तगादा इतर काही खात्यांवरून सुरू झाला. हळूहळू टॅनला अधिकार मिळाले आणि २०२४ मध्ये दोन आवृत्त्यांत छुपा चोरदरवाजा घातला गेला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या सर्व्हरवर लॉगइन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीरपणे सर्वांना कळवला. तोवर या आवृत्त्या मोजक्याच लिनक्स प्रणालींत पोहोचल्या होत्या, त्यामुळे मोठे संकट टळले.

या घटनेत दोन्ही बाजू दिसतात. थकलेला एकटा माणूस हा धोका होता. पण कोड सर्वांना वाचण्यास खुला होता आणि शंका आलेल्या माणसाने ती लगेच सर्वांना सांगितली, म्हणूनच बचाव झाला.

माहिती वाटून घेण्याच्या पद्धती कोणत्या?

पहिली पद्धत कोड रिव्ह्यूची. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय तो मुख्य कोडमध्ये जात नाही. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये याची औपचारिक रीत मांडली, तेव्हा त्यासाठी बैठका घ्याव्या लागत. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ तयार केले आणि २००८ मध्ये ‘गिटहब’ आले, तेव्हापासून हे काम पडद्यावर, आपापल्या वेळेनुसार होऊ लागले. चुका सापडणे हा त्याचा एक फायदा. दुसरा फायदा म्हणजे प्रत्येक बदल किमान दोन माणसांना माहीत होतो.

दुसरी पद्धत जोडीने काम करण्याची, म्हणजे ‘पेअर प्रोग्रामिंग’. केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’मुळे १९९० च्या दशकाअखेरीस ती लोकप्रिय झाली. एक जण लिहितो, दुसरा शेजारी बसून विचार करतो आणि थोड्या वेळाने जागा बदलतात.

तिसरी पद्धत लिहून ठेवण्याची. आज सर्वांच्या ओळखीचा ‘विकी’ हा प्रकार मुळात प्रोग्रामरसाठीच जन्मला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्यांना हे नाव सुचले. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’. विकिपीडिया आला तो त्यानंतर सहा वर्षांनी.

चौथी पद्धत तुलनेने नवी आहे. महत्त्वाचा तांत्रिक निर्णय घेतला की एका पानात तीन गोष्टी लिहायच्या : परिस्थिती काय होती, काय ठरवले आणि त्याचे परिणाम काय. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली ही ‘निर्णय नोंद’ कोडच्या शेजारीच ठेवतात. नाउर ज्या ‘का’बद्दल बोलत होते, त्याचा थोडा तरी भाग तिच्यात टिकतो.

पुण्या-मुंबईतील ‘केटी’ने हे साधते का?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीतील आयटी कर्मचाऱ्यांना ‘केटी’ हा शब्द सांगावा लागत नाही. ‘नॉलेज ट्रान्सफर’चे हे लघुरूप. एखादा प्रकल्प परदेशी ग्राहकाकडून किंवा दुसऱ्या कंपनीकडून आपल्याकडे येतो, तेव्हा काही आठवडे रीतसर केटी चालते. आधी नवा माणूस जुन्याचे काम नुसते पाहतो, त्याला ‘शॅडो’ म्हणतात. नंतर नवा माणूस काम करतो आणि जुना पाहतो, हे ‘रिव्हर्स शॅडो’. दुसरा टप्पाच खरा कसोटीचा असतो. कारण ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि हाताने करताना शंका निघतात. घाईच्या वेळापत्रकात मात्र बहुधा हाच टप्पा कापला जातो.

राजीनाम्यानंतरच्या केटीची गत आणखी अवघड. अनेक भारतीय कंपन्यांत नोटीस कालावधी दोन ते तीन महिन्यांचा असतो. पण जागी येणारा माणूस अनेकदा शेवटच्या आठवड्यात ठरतो. मग दोन-चार बैठकांचे रेकॉर्डिंग, एक सादरीकरण आणि ‘काही लागले तर फोन कर’ यावर निभावले जाते. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात इन्फोसिसमधील गळतीचे प्रमाण २७.७ टक्के, तर टीसीएसमधील १७.४ टक्के नोंदवले गेले होते. गळती त्यानंतर ओसरली. पण दर चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात बदलत असेल, तर शेवटच्या आठवड्यातील केटी पुरेशी ठरणार नाही, हे उघड आहे.

घड्याळाचाही अडसर आहे. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते, कॅलिफोर्नियाशी साडेबारा ते साडेतेरा. दिवसाकाठी जेमतेम तास-दोन तास दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या आणि कामावर असतात. तोंडी विचारायची शंका तेवढ्यात विचारली नाही, तर पूर्ण दिवस जातो. त्यामुळे अशा टीमना नीट लिहिण्याची सवय अधिकच गरजेची ठरते.

माणसे माहिती सांगायला का कचरतात?

वेळ नाही, हे नेहमी दिले जाणारे कारण. ते खोटे नाही. पण त्याखाली आणखी दोन कारणे असतात. एक म्हणजे नोकरीची भीती. आपल्याशिवाय काम अडते, तोवर आपली जागा पक्की, असे अनेकांना वाटते. कर्मचारी कपातीच्या काळात ही भावना वाढते. वार्षिक मूल्यमापनही तिला खतपाणी घालते. मध्यरात्री बिघाड दुरुस्त करणाऱ्याचे नाव होते. बिघाड होऊ नये म्हणून सहकाऱ्यांना दोन तास शिकवणाऱ्याची नोंद कुठे होत नाही.

दुसरे कारण विचारणाऱ्याच्या बाजूचे. ‘एवढेही माहीत नाही का?’ हे एकदा ऐकलेला नवखा मुलगा पुन्हा विचारत नाही, स्वतःच दोन दिवस झगडतो. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात याला टीममधील ‘मानसिक सुरक्षितता’ असे नाव दिले. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वरिष्ठांशी असहमती दाखवली तरी आपला पाणउतारा होणार नाही, ही खात्री म्हणजे मानसिक सुरक्षितता. गूगलने आपल्याच टीमचा पुढे अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमच्या लक्षणांत ही बाब सर्वात महत्त्वाची आढळली. वरिष्ठाने स्वतः सर्वांसमोर ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ म्हटले, तर इतरांची भीड लवकर मोडते.

टीमची रचना आणि सॉफ्टवेअरचा संबंध काय?

अमेरिकी प्रोग्रामर मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडले. कोणतीही संस्था जी यंत्रणा तयार करते, तिची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. पैसे भरण्याचा भाग एका टीमकडे, ग्राहकाची माहिती दुसरीकडे आणि दोघांत बोलणे नसेल, तर ग्राहकाला तोच पत्ता दोनदा भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळांपासून खासगी अॅपपर्यंत असा अनुभव कित्येकांनी घेतला असेल. तो दोष पडद्यावर दिसतो, पण त्याचे मूळ दोन विभागांच्या न झालेल्या बैठकीत असते. म्हणूनच काही कंपन्या प्रोग्रामर, चाचणी करणारे, डिझायनर आणि ग्राहक सेवेतील माणूस अशी मिश्र टीम बसवतात.

जुन्या यंत्रणांचे काय?

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत कोबोल भाषेतील अनेक दशकांपूर्वीचे प्रोग्राम आजही चालतात. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. राज्याची संगणक यंत्रणा ४० वर्षांहून जुनी होती. ती सांभाळणारी पिढी निवृत्त झाली आणि ज्ञान पुढच्या पिढीकडे पुरेसे आले नाही. त्याचा फटका अखेर भत्त्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना बसला.

एआयमुळे ही अडचण संपेल का?

काही प्रमाणात हलकी होईल. एआय साधने अनोळखी कोड वाचून त्याचा सारांश सांगतात, कागदपत्रांत शोध घेतात, दस्तावेजाचा कच्चा मसुदा करून देतात. नवख्याला वरिष्ठाकडे जाण्याआधी निम्म्या शंका यातून सोडवता येतात. पण एआय लिहिलेलेच वाचू शकते. ३ तारखेला प्रक्रिया का थांबवायची, हे कुठेच नोंदलेले नसेल तर ते साधन अंदाज बांधेल आणि तो अंदाज आत्मविश्वासाने सांगेल. नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी आले आणि डिसेंबरमध्येच ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने त्यातून आलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. उत्तरे वाचायला खरी वाटत, पण चुकीची निघण्याचे प्रमाण फार होते, हे त्याचे कारण.

दुसरा धोका असा, की एआयने लिहिलेला कोड कोणीच नीट वाचला नाही तर बस फॅक्टर एकवरून शून्यावर येतो. म्हणजे टीममध्ये तो समजणारा एकही माणूस नसतो.

कोणती माहिती वाटू नये?

पासवर्ड, गुप्त किल्ल्या आणि ग्राहकांचा खासगी डेटा हा देवाणघेवाणीचा विषय नाही. तो ठेवण्यासाठी वेगळ्या सुरक्षित तिजोऱ्या असतात आणि कोणाला प्रवेश आहे याची यादी असते. टीमच्या चॅट ग्रुपवर पासवर्ड टाकणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. ग्राहकाशी झालेल्या गोपनीयतेच्या करारांचीही मर्यादा असते. कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड एआय साधनात टाकल्याचे आढळल्यानंतर सॅमसंगने २०२३ मध्ये अशा साधनांच्या वापरावर निर्बंध घातले होते.

टीमने सुरुवात कुठून करावी?

मोठ्या मोहिमेची गरज नाही. एका कागदावर सर्व महत्त्वाची कामे उभी आणि टीममधील माणसे आडवी लिहायची. कोण कोणते काम कोणालाही न विचारता करू शकतो, तिथे खूण करायची. ज्या ओळीत एकच खूण आहे, तिथे धोका आहे. त्या कामाची पुढची पाळी मुद्दाम दुसऱ्याला द्यायची आणि जाणकाराने शेजारी बसायचे. काम करणाऱ्या नवख्यानेच त्याची कृती लिहायची. जाणकार लिहितो तेव्हा त्याला सवयीच्या पायऱ्या सुचत नाहीत, नवख्याला त्या अडतात म्हणून आठवतात.

काही टीम जाणकाराला आठवडाभर पूर्ण रजेवर पाठवतात, फोनही करायचा नाही अशा अटीवर. त्या आठवड्यात जे अडते, तीच पुढच्या महिन्याची शिकवण्याची यादी होते. लिहिलेल्या कागदांवर मालकाचे नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख टाकणेही आवश्यक. जुना, चुकीचा कागद हा कागद नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि तो वेळ ग्राहकाच्या बिलात दाखवता येत नाही, ही व्यवस्थापकांची खरी अडचण आहे. त्यामुळे शिकवणे, लिहिणे आणि तपासणे ही कामे अंदाजपत्रकात आणि मूल्यमापनात धरली जात नाहीत, तोवर ती फावल्या वेळावर सोडली जाणार. ज्याच्या रजेच्या अर्जाने टीमला घाम फुटतो, त्या अभियंत्यासाठीही हे हिताचे आहे. ज्ञान वाटल्यावर त्याला मध्यरात्रीचे फोन कमी येतील, सुट्टी निर्धास्त घेता येईल आणि त्याच त्या जुन्या कामात अडकून न राहता पुढच्या कामाकडे जाता येईल.